बिऱ्हाड कोठे हलते आणि कागद कोठे राहतात: मराठवाड्यातील स्थलांतराविषयी

केज तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. त्यांच्याकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, मोठी मुलगी आठवीत आहे आणि धाकटा मुलगा बालवाडीत आहे. त्यांच्या गावातील काही घरे पुण्याला गेली, काही लातूरला, काही छत्रपती संभाजीनगरला, आणि काही दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातात. बीड हे जिल्ह्याचे ठिकाण जवळ असताना तेथे मात्र फारसे कोणी जात नाही. हे महागाईमुळे घडते की राजकारणामुळे, आणि आपण स्वतः कोठे जावे, असे त्यांनी विचारले आहे.

नगररचना आणि घरकुलांच्या सर्वेक्षणांत माझा बहुतेक कार्यकाळ मराठवाड्यात गेला. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. एखाद्या गावी राहणे किती खर्चाचे पडेल, हे बाजारापेक्षा तेथील पालिकेने, ग्रामपंचायतीने आणि त्यांच्यावरच्या सरकारने काय केले आणि काय केले नाही यावर अधिक ठरते. नळाला पाणी आले नाही तर टँकरचे पैसे द्यावे लागतात, सरकारी शाळा चालली नाही तर इंग्रजी शाळेची फी भरावी लागते, आणि बस नसली तर मोटारसायकलचा हप्ता गळ्यात पडतो. ‘महागाई’ म्हणून आपण जे मोजतो त्यातला मोठा भाग म्हणजे सार्वजनिक सोयींच्या जागी खिशातून केलेला खर्च असतो. म्हणूनच ज्या शहरात घरभाडे कमी, ते शहर स्वस्त असेलच असे नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सातारा-देवळाई भागात दिसते. हा भाग आधी ग्रामपंचायतीकडे होता, मग काही काळ त्याची स्वतंत्र नगर परिषद झाली, आणि पुढे तो महानगरपालिकेत गेला. एकाच प्लॉटवर राहणाऱ्या कुटुंबाने तीन प्रकारच्या कारभाराला कर भरला, पण पाणी मात्र वर्षानुवर्षे टँकरचे आणि बोअरचेच राहिले. बीड, जालना, परभणीकडून आलेल्या नोकरदार आणि लहान व्यावसायिक कुटुंबांनी येथे जागा घेतली याचे कारण साधे होते: शहरातील मंजूर ले-आउटमधला प्लॉट त्यांना परवडत नव्हता. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून, अकृषिक परवानगी न घेता, बाँडपेपरवर विकलेला प्लॉट परवडत होता, कारण त्याच्या किमतीत रस्ता, गटार आणि जलवाहिनी धरलेलीच नव्हती. प्लॉट घेताना वाचलेले पैसे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पाण्यावर, सेप्टिक टँकवर आणि स्वतःच वर्गणी काढून टाकलेल्या मुरमावर हळूहळू जात राहतात.

राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी विकास अधिनियम करून अशी बांधकामे नियमित करण्याची वाट काढली, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. कायद्यामागचा हेतू चांगला आहे, आणि ज्यांची आयुष्यभराची कमाई त्या भिंतींत अडकली आहे त्यांना दिलासा मिळालाच पाहिजे. मात्र त्याचा एक परिणाम मी जवळून पाहिला आहे. ‘आज ना उद्या नियमित होईल’ हा भरवसा प्लॉट विकणाऱ्याच्या तोंडी सर्वांत मोठे आश्वासन बनतो, निवडणूक जवळ आली की त्याला धार चढते, आणि नव्याने आलेले कुटुंब पालिकेच्या आराखड्याऐवजी त्या आश्वासनावर विसंबून पैसे गुंतवते. शहर कोणत्या दिशेने वाढणार हे अशा रीतीने नगररचनेच्या नकाशाबाहेर ठरते.

या शहराचे पाणी पन्नासएक किलोमीटरवरच्या पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. धरणात साठा असतानाही नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याची शहराला सवय झाली आहे. त्या धरणातून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकण्याचा करार 2016 मध्ये मोडला, नंतर 1,680 कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झाले, आणि तिचा खर्च पुढे 2,740 कोटींपर्यंत गेला. त्याच काळात, म्हणजे एप्रिल 2020 मध्ये महानगरपालिकेची मुदत संपल्यापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ पावणेसहा वर्षे, शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता आणि कारभार प्रशासकाकडे होता. वॉर्डातल्या बाईने रिकामी घागर घेऊन कोणाच्या दारात जायचे, या प्रश्नाला त्या काळात उत्तर नव्हते. पाण्याच्या बिलाव्यतिरिक्त टँकर आणि पिण्याचे जार यांवर होणारा खर्च गरीब कुटुंबाच्या भाड्याच्या बरोबरीला येऊ लागला की ते कुटुंब पुढची वाट शोधते, आणि ती वाट बहुधा पुण्याकडे जाते.

याच शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे 1985 मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची साखळी उभी राहिली. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या कामगारांनी त्या पगारावर मुले शिकवली, बहिणींची लग्ने केली, गावाकडे विहिरी खोदल्या. परंतु कामगारांची दाट वस्ती झाली ती रांजणगाव शेणपुंजीसारख्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत. कारखान्याला औद्योगिक महामंडळाचे पाणी मिळते, आणि त्याच कारखान्यात राबणारा माणूस मात्र एका खेड्यासाठी आखलेल्या नळयोजनेवर शहराएवढ्या लोकवस्तीसह दिवस काढतो. येथे मी नेहमी करतो तो हिशेब सांगतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा दहा बाय दहाच्या खोलीचे भाडे 4,000 रुपये आहे, सबमीटरचे वीजबिल घरमालक युनिटमागे स्वतःच्या दराने लावतो म्हणून ते 900 पडते, जार आणि टँकरच्या वर्गणीचे 800 होतात, आणि शाळेची व्हॅन 1,000 घेते. कागदावर 4,000 ची असलेली खोली प्रत्यक्षात 6,700 ची झाली. वरच्या 2,700 रुपयांतला बराचसा भाग त्या वस्तीला पालिका नसण्याची किंमत आहे.

आता बीडकडे लोक का जात नाहीत ते पाहू. जिल्ह्याचे ठिकाण होणे ही मराठवाड्यात फार मोठी गोष्ट आहे. जालना 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये वेगळा जिल्हा झाला. प्रत्येक वेळी जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय आणि रुग्णालय यांच्यामागे कर्मचारी आले, त्यांच्यामागे भाडेकरू खोल्या, खानावळी, झेरॉक्सची दुकाने आणि शिकवण्या आल्या. कार्यालय कोठे व्हावे यावरून आपल्याकडे लोक रस्त्यावर उतरतात ते यामुळेच. 2009 मध्ये नांदेडला स्वतंत्र महसूल आयुक्तालय देण्याचा निर्णय झाला तेव्हा लातूरकरांनी तीव्र विरोध केला, आणि आजही मराठवाड्याचे विभागीय आयुक्तालय एकच आहे. बाहेरच्या माणसाला हा मानापमानाचा वाद वाटतो, पण त्या कार्यालयाच्या जोरावर कर्ज काढून चार खोल्या बांधणाऱ्या माणसासाठी तो पोटाचा वाद असतो.

कार्यालयांमुळे मात्र पगारदारांचे गाव होते, मजुराला बारमाही काम देणारे गाव होत नाही. बीडला कार्यालये आहेत, पण हजारोंनी माणसे कामावर घेणारे कारखाने नाहीत, आणि रेल्वे तर 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून पहिल्यांदा पोहोचली. ज्या जिल्ह्यातून एवढी माणसे बाहेर पडतात त्याच्या मुख्यालयाला रेल्वे मिळायला स्वातंत्र्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षे लागली, हे नुसते नोंदवून पुढे जाणे मला जमत नाही. मराठवाड्याने शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. त्या चौघांची राजकीय कर्मभूमी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आहे, आणि या दोन शहरांची संस्था, रस्ते, महाविद्यालये यांबाबतची आघाडी पाहिली की नेतृत्वाचा पत्ता आणि विकासाचा पत्ता जवळजवळ असतो हे मान्य करावे लागते.

लातूरने या सगळ्यातून स्वतःचा एक मार्ग काढला तो शिक्षणाचा. ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर आज अकरावी-बारावी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी साऱ्या मराठवाड्यातून मुले येतात, आणि पुष्कळदा आईही मुलांसोबत दोन वर्षे खोली करून राहते, वडील गावी शेती बघतात. हे स्थलांतर मजुरीसाठी नाही; यात कुटुंब शहराकडून पैसा घेत नाही, शहराला पैसा देते. शहराची भाडी आणि खानावळींचे दर त्यामुळे तेथील मजुराच्या कमाईच्या मानाने चढे राहतात. आणि मांजरा धरण कोरडे पडले की हे सगळे किती नाजूक आहे ते कळते: 2016 मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम 144 लावावे लागले, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली.

ऊसतोडीकडे मी वेगळे पाहतो, कारण तेथे कोठे जायचे हे कुटुंब ठरवतच नाही, ते उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, ठरवते. पावसाळ्यात घरात लग्न, आजारपण किंवा बी-बियाण्याची नड असते तेव्हा मुकादम, म्हणजे मजुरांच्या टोळ्या जमवणारा ठेकेदार, नवरा-बायकोच्या एका कोयत्यामागे रोख रक्कम आगाऊ देतो, आणि त्या रकमेबरोबर कारखाना, जिल्हा आणि कधी कधी कर्नाटकही ठरून जाते. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. 1972 च्या दुष्काळानंतर राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, आणि देशाने पुढे त्याचा कित्ता गिरवला. पण हमीच्या कामाची मजुरी काम झाल्यावर, तीही उशिरा मिळते, आणि मुकादमाचे पैसे कामाच्या आधी मिळतात. ज्या घरात आषाढात पैसा नाही त्या घराला हा फरक निर्णायक असतो. ऊसतोड कामगारांसाठी 2019 मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले आणि मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली, हे मी महत्त्वाचे मानतो. जेथे वसतिगृह खरोखर चालते तेथे मुलगी आठवी-नववीत शाळा सोडून पालावर भावंडे सांभाळायला जात नाही. जेथे ते भाड्याच्या इमारतीच्या शोधात अडकले आहे तेथे ती जाते.

जात आणि सुरक्षितता यांचा उल्लेख न करता हे उत्तर पूर्ण होणार नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून 1978 मध्ये झालेल्या दंगलीत खेड्यांतल्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि अनेक कुटुंबांनी गाव सोडून शहरांचा आसरा घेतला. त्यांनी भाड्याचा हिशेब केला नव्हता. आजही खोली शोधताना आडनाव विचारले जाते, आणि म्हणून माणूस आधी जेथे आपली भावकी किंवा आपल्या समाजाची दहा घरे आहेत ती गल्ली शोधतो, मग भाडे विचारतो. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून बीड-जालन्याच्या गावांत जी कटुता आली तिच्यामुळे एकमेकांच्या दुकानात जाणे थांबलेली गावे आहेत. अशा ठिकाणचा लहान व्यावसायिक तालुक्याला किंवा पुण्याला दुकान हलवतो, तेव्हा त्याचे कारण तो ‘धंदा नाही’ एवढेच सांगतो.

या सगळ्याच्या मुळाशी मला दिसणारी अडचण अशी आहे की आपल्याकडे माणूस हलतो, पण त्याचे कागद हलत नाहीत. चाकणच्या खोलीत आठ वर्षे राहणाऱ्या माणसाचे मतदान केज तालुक्यात असते, घरकुलाच्या यादीतले नाव गावात असते, शिधापत्रिका गावातल्या दुकानाला जोडलेली असते. याला कारणे आहेत. सातबाऱ्यावर नाव आहे, भावकीत वाटणी व्हायची आहे, विमा आणि अनुदान गावच्या पत्त्यावर येते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पॅनेलवाले पुण्याला गाड्या पाठवतात, आणि एका मताला किंमत येते. तो राहतो तेथील पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मात्र तोच माणूस यादीत नसतो. मग भोसरीच्या किंवा रांजणगाव शेणपुंजीच्या त्या गल्लीत पाणी आणण्याची निकड कोणाला वाटावी? ज्या वस्तीत हजारो भाडेकरू राहतात आणि मते मूठभर घरमालकांची आहेत, तेथे पुढारी घरमालकांचेच ऐकतो, आणि घरमालकाला टँकर परवडतो. अशा रीतीने भाडेकरूच्या जगण्याचा खर्च वाढतो, तो तेथे रुजत नाही, आणि रुजत नाही म्हणून मत नोंदवत नाही.

जनगणनेतही हेच घडते. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, मोजणी त्याआधी फेब्रुवारीत होते, आणि फेब्रुवारी हा ऊसतोडीच्या भर हंगामाचा महिना असतो. मोजणीच्या संपूर्ण काळात जे कुटुंब गावाबाहेर असते ते गावात मोजले जात नाही, जेथे सापडेल तेथे मोजले जाते, आणि उसाच्या फडाजवळच्या पालावर मोजणारा पोहोचला नाही तर कोठेच मोजले जात नाही. लोकसंख्येवर ज्या गावाचा निधी ठरतो त्या गावासाठी ही साधी गोष्ट नाही. ग्रामसेवक आणि सरपंच यांनी मुकादमांकडून टोळ्यांचे पत्ते आधीच घेऊन ठेवावेत, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगत आलो आहे.

प्रत्येक सरकारी निर्णय माणसाला उठवतोच असे नाही, काही निर्णय त्याला जागेवर राहू देतात. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले, आणि त्यानंतर तालुक्याच्या गावी नर्सिंग, शिवणकाम, दुकानातली नोकरी यांसाठी रोज ये-जा करणाऱ्या बायका-मुलींची गर्दी मी अनेक बसस्थानकांवर पाहिली. पूर्वी या घरांपुढे ‘खोली करायची की काम सोडायचे’ असे दोनच पर्याय असत. जेथे सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर गाडी आहे, तेथे बिऱ्हाड न हलवता कमाई वाढते. जेथे गाडी वेळेवर नाही, तेथे निम्म्या तिकिटाचा उपयोग नाही.

आता आपल्या घराविषयी. मुलगी आठवीत आहे, म्हणजे अकरावीला अजून अवधी आहे. केवळ तिच्यासाठी आत्ताच लातूरला खोली करण्याची घाई करू नये. आपण आणि आपली पत्नी दोघेही काम करणार असाल तर पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे चाकण, भोसरी, रांजणगाव गणपती या भागांत, जास्त भाडे देऊनही महिनाअखेर चार पैसे उरण्याची शक्यता अधिक आहे, कारण तेथे दुसऱ्या माणसाला काम मिळते. एकट्यानेच कमावायचे असेल तर छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज किंवा शेंद्रा बरे, कारण पेरणीला आणि काढणीला गावी येणे तुलनेने सोपे जाते आणि तीन एकर पडीक राहत नाहीत. वाघोलीसारख्या पुण्याच्या नव्या उपनगरांतही टँकर चालतो, म्हणून शहराच्या नावावर भुलू नये. खोली बघायला जाल तेव्हा शेजाऱ्यांना नळ किती दिवसांनी येतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचे किती पडतात हे विचारावे. ते सकाळी पाणी भरण्याच्या वेळेलाच विचारावे, घरमालकासमोर नव्हे.

धाकट्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट आधी करावी लागेल. शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करताना भाड्याच्या घराचा नोंदणीकृत करार लागतो, आणि तो अर्जाची मुदत सुरू होण्यापूर्वीचा असावा लागतो. घरमालक बहुधा नोंदणी टाळतो आणि साध्या कागदावर लिहून देतो. त्या एका कागदापायी पुढची आठ वर्षे फी भरावी लागते, म्हणून नोंदणीचा खर्च आपण स्वतः देण्याची तयारी दाखवावी आणि करार जानेवारीपूर्वी करून घ्यावा. धान्यासाठी शिधापत्रिका हलवण्याची गरज नाही. आधार जोडलेले असेल तर कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळते, दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जावे. गावाकडचे घरकुल मंजूर असेल तर ते पूर्ण करूनच निघावे, कारण हप्ता अडकला की तो सोडवायला वारंवार गावी यावे लागते.

दोन वर्षे एका ठिकाणी टिकलात तर मतदार यादीतले नाव नमुना 8 भरून तेथे आणावे. भावकी नाराज होईल आणि सरपंचकीच्या निवडणुकीत आपली विचारपूस कमी होईल, हे खरे आहे. पण सातबाऱ्यावरचे नाव त्यामुळे जात नाही, आणि आपल्या गल्लीतल्या वीस-पंचवीस भाडेकरूंनी एकदम नाव नोंदवले तर त्या प्रभागाचा नगरसेवक जलवाहिनीच्या यादीत ती गल्ली घालायला स्वतः विचारत येतो. असे घडलेले मी नांदेडला आणि पिंपरी-चिंचवडला पाहिले आहे.